केटल की पातेलं?

ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिक केटल जवळपास घरोघरी असते, अमेरिकेत त्या मानाने कमी. यामागे आवडीइतकाच विजेचाही हात आहे. ब्रिटनमध्ये 230 व्होल्टच्या विजेवर 3 किलोवॉटची केटल चालते आणि लिटरभर पाणी साधारण दोन मिनिटांत उकळते. अमेरिकेत 120 व्होल्टवर केटल बहुधा 1.5 किलोवॉटची, म्हणजे वेळ दुप्पट. शिवाय तिथे कॉफीचा जोर.

भारतातही वीज 230 व्होल्टचीच, तरी चहाला पातेलंच लागतं. इंग्रज उकळतं पाणी टी-बॅगवर ओततात आणि दूध वरून घालतात. आपण आधणात ठेचलेलं आलं, गवती चहा, साखर आणि चहा पावडर टाकतो, मग दूध घालून पुन्हा उकळी काढतो. केटलमध्ये हे जमत नाही. दूध तळाला लागतं, करपतं, नाहीतर फेसाळून उतू जातं. शिवाय वाफ लागताच केटल आपोआप बंद होते, त्यामुळे चहा उकळत ठेवता येत नाही.

म्हणून केटल पाण्यापुरतीच वापरावी. 1500 वॉटची केटल साडेसहा अँपिअर वीज ओढते. ती 6 अँपिअरच्या लहान सॉकेटला न लावता 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावावी.