काजळी : छातीतली आणि आभाळातली

आपल्या ईट-भूम भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. कुंथलगिरीचा पेढा ज्या खव्यामुळे नावाजला, तो पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या जाळावरच आटत आला. १ किलो खव्याला साधारण ४ ते ५ लिटर दूध आटवावे लागते. तेवढा वेळ भट्टीपुढे बसणारा माणूस धूर गिळत असतो. घरोघरच्या चुलीही अजून पुरत्या विझलेल्या नाहीत. या धुराने खोकला होतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातली काजळी हवामानावरही परिणाम करते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

लाकूड ओले असले किंवा जाळाला हवा अपुरी पडली की ते अर्धवट जळते आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. हीच काजळी. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण अडीच मायक्रॉनहूनही लहान. नाकातले केस व घशातला चिकट स्राव त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात. जन्मात विडी न ओढलेल्या बायकांना चाळिशी-पन्नाशीत धाप लागते, त्यामागे अनेकदा चूलच असते. लहान मुलांना न्यूमोनिया आणि मोठ्यांना हृदयविकार होण्याचा धोकाही या धुराने वाढतो.

आता आभाळाकडे वळू. काळे कापड उन्हात लवकर तापते, तसेच काजळीचे. हवेत तरंगताना ती ऊन शोषते, भोवतालची हवा तापवते आणि जमिनीवर पोहोचणारे ऊन कमी करते. १९९९ साली डॉ. वीरभद्रन रामनाथन आदी शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर मोठी पाहणी केली. तेव्हा सुमारे ३ किलोमीटर जाडीचा तपकिरी धुरकट थर आढळला. समुद्रावर ऊन कमी पडले की पाण्याची वाफ कमी होते, आणि आपला पावसाळा त्या वाफेवरच अवलंबून. हिमालयाच्या बर्फावर काजळी बसली की बर्फही लवकर वितळते.

म्हणून आपल्या तालुक्यातल्या दुष्काळाचे खापर कोणी खवेवाल्यांवर फोडू नये! डिझेलची वाहने, वीटभट्ट्या, फडात पेटवलेले पाचट, सगळ्यांचाच त्यात वाटा आहे. शिवाय धुरात ऊन परतवणारे फिकट कणही असतात. त्यामुळे हिशेब सरळ नाही.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतके टिकून राहतो, तर काजळी आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसते किंवा पावसाने धुतली जाते. ती आज कमी केली तर गुण लवकर दिसतो.

सरपण चांगले वाळवून वापरावे. भट्टीला छपराच्या वर जाणारे धुराडे असावे. त्याने छाती वाचते, आभाळ नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून अनेक घरी गॅस आला, पण सिलिंडर परवडत नाही म्हणून आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. निदान स्वयंपाक तरी गॅसवर करावा. पाचट न जाळता शेतातच कुजवावे. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधून हे कण अडत नाहीत.

आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर धुरावर ढकलून घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची ही तपासणी तेथे मोफत होते.