जुन्या गाडीत क्रूझ कंट्रोल: आधी ब्रेकची वायर बघा

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तासन् तास एक्सलरेटरवर पाय ठेवून पोटरी भरून येते, म्हणून तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, ‘जुन्या गाडीत क्रूझ कंट्रोल बसतं का?’ बसतं. पण कसं, ते ऐका.

जुन्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल असते. इलेक्ट्रिक किटमधली छोटी मोटर थ्रॉटल ओढते. गाडीचा वेग सेन्सर सांगतो, मॉड्यूल तो तुम्ही ठरवलेल्या वेगाशी ताडून बघतं. चढ आला की थ्रॉटल ओढायचं, उतार आला की सैल सोडायचं. बस, एवढंच!

आता मुद्द्याचं. किट वेग धरतं कसं, यापेक्षा सोडतं कसं, हे मी आधी बघतो. ब्रेक दाबला की दोन गोष्टी व्हायला हव्यात: मॉड्यूलला सिग्नल जायला हवा, आणि मोटरला थ्रॉटलशी जोडणाऱ्या चुंबकी क्लचचा करंट थेट तुटायला हवा. मग मॉड्यूल बिघडलं तरी स्प्रिंग थ्रॉटल बंद करते. गिअरवाल्या गाडीत क्लच पेडललाही स्विच लावा, नाहीतर क्लच दाबताच इंजिन रेस होईल.

अजून एक गंमत. काही किट ब्रेक लाइटच्या बल्बमधून अर्थिंग घेतात. तिथे एलईडी लावले तर क्रूझ सुरूच होत नाही!

म्हणून किट बसवलं की रिकाम्या रस्त्यावर पहिली टेस्ट वेगाची नाही, ब्रेकची करा. चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!