पायात रिंग असलेलं कबूतर सापडलं तर

हिंगणघाटला आमच्या शेजाऱ्यांच्या टिनावर काल कबूतर येऊन बसलं. माणसाला भीत नव्हतं, पायात रिंग. रेसिंगचं पाखरू!

चेन्नई-बेंगळुरूचे क्लब लांबच्या शर्यतीसाठी पाखरं उत्तरेकडे नेऊन सोडतात. वादळ, ससाणा, ऊन... एखादं वाट चुकतं.

ही बिनजोडाची रिंग पिल्लू आठवडाभराचं असतानाच चढवतात. पुढे पंजा वाढला की ती जात नाही. तिच्यावर वर्ष आणि नंबर असतो.

आधी पाणी, तेही जरा खोल भांड्यात. कबूतर चोच बुडवून ओढून पितं. मग ज्वारी, मका, हरभरा. दूध-पोळी अजिबात नको.

मालक? रिंगच्या नंबरावरून त्याला कळवता येतं. काही जण जिवाच्या आकांताने शोधतात, काही 'ठेवून घ्या' म्हणून मोकळे होतात. हरलेल्याला दाणा कशाला, हा हिशेब मला पटत नाही.

धडधाकट असेल तर दोन दिवसांनी सकाळी सोडा. रिंग वाचता येत नसेल तर फोटो टाका, बघतो.