हौदा उचलत नाही? पंप खोलायच्या आधी हे बघा

मोशीच्या क्रशरवरून खडी भरून हायवा टिपर चाकणच्या साईटवर येतो, मागचं फाळकं उघडतं आणि हौदा जागचा हलत नाही. लगेच ‘पंप गेला’ म्हणू नका.

आधी हवेचा काटा बघा. बहुतेक टिपरांत पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर हौद्याचा पंप फिरवणारा गिअर, हवेवर लागतो. प्रेशर भरलं नसेल तर तो लागतच नाही. मग हायड्रॉलिक ऑइल. पातळी बघायची ती हौदा पूर्ण खाली असताना. वर असताना तेल जॅकमध्ये गेलेलं असतं, टाकी रिकामी भासते; तेव्हा ओतलेलं जास्तीचं तेल हौदा बसला की बाहेर येतं.

तेलाला फेस आणि हौदा धक्के देत वर? सक्शन होजचा क्लॅम्प ढिला असणार, हवा ओढतोय. रिकामा उचलतो पण भरलेला नाही, तर ओव्हरलोड, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा झिजलेला पंप. आपोआप खाली बसत असेल तर कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा जॅकचे सील.

आणि कळकळीने सांगतो, उचललेल्या हौद्याखाली टेकू लावल्याशिवाय डोकं घालू नका. होज फुटला तर बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

पावसाळ्यात एअर टँकमधलं पाणी रोज काढा, बिजागरीच्या पिनांना ग्रीस द्या. ओला मुरूम हौद्याच्या एका बाजूला चिकटून राहतो आणि गाडी त्या बाजूला कलंडते, म्हणून खाली करताना जमीन सपाट आणि कडकच हवी.