तुटलेल्या उसातली साखर कुठे जाते?



सकाळी तोडलेला ऊस चाकणच्या वाहतुकीत अडकला आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर आला, की दोन तोटे होतात. पाणी सुकून वजन घटतं, हे आपण जाणतो. पण आतली साखरही घटते. ती कोणी चोरत नाही. उसाच्याच पेशीतलं एक प्रथिन ती फोडतं. ते कसं, हे समजून घेऊ.

प्रत्येक पेशीत, कारखान्यासारखी, निरनिराळी खाती असतात. प्रथिनं हे तिथले कामगार. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची, मण्यांसारखी ओवलेली माळ. ती तयार होते एकीकडे आणि तिचं काम असतं दुसरीकडे. मग जायचं कुठे? तो पत्ता माळेतच काही ठरावीक मण्यांच्या रूपात ओवलेला असतो. पेशी तो वाचते आणि प्रथिन योग्य खात्यात पोचवते. या शोधाबद्दल गुंथर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पत्ता चुकला तर काय होतं? पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागलं, ते आपल्याला माहीत आहेच. हे औषध एक बुरशी बनवते. त्यातलं शेवटचं काम करणाऱ्या प्रथिनाचा पत्ता माळेच्या शेवटच्या तीन मण्यांत असतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ते तीन मणी काढून पाहिले. प्रथिन भलत्याच जागी गेलं आणि पेनिसिलीन बनेना!

आता उसाकडे येऊ. पानात झालेली साखर कांड्यात उतरते आणि पेशीतल्या रसाच्या कोठीत साठते. नेमका याच कोठीचा पत्ता असलेलं एक प्रथिन आहे, त्याचं नाव इन्व्हर्टेज. वाढत्या उसात ते साखर फोडून वाढीला खाद्य पुरवतं. ऊस पक्व झाला की ते अगदी कमी होतं, म्हणून साखर टिकते. पण कोयता लागला, ऊन बसलं, कांडं सुकू लागलं, की त्याचा जोर पुन्हा वाढतो. साखर आणि तिला फोडणारा एकाच कोठीत! साखरेची द्राक्षशर्करा आणि फलशर्करा होते. चव गोडच राहते, पण त्यांचे दाणे पडत नाहीत. त्या मळीत जातात.

म्हणून एवढं सांभाळावं:

१. तोडणीची चिठ्ठी आणि वाहन नक्की झाल्याशिवाय ऊस तोडू नये.

२. शेंड्याकडची कोवळी कांडी वाढ्याबरोबर काढावीत. तिथे हे प्रथिन जास्त असतं.

३. ऊस जाळून तोडू नये.

४. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा. थांबावंच लागलं तर मोळ्या सावलीत ठेवून पाचटाने झाकाव्यात, वर पाणी शिंपडावं.

उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी बांधलेला आहे. एकाचा ऊस शिळा झाला, तरी उतारा सगळ्यांचाच घसरतो, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.