एलच्या घडणीत कोरडे यीस्ट : निवड आणि विरजण

'एल' आणि 'बिअर' हे इंग्रजीतील दोन शब्द आज ज्या भेदाने वापरले जातात, तो भेद मूळचा नव्हे. पंधराव्या शतकातील इंग्लंडात हॉपची फुले न घालता केलेले पेय ते एल आणि हॉप घातलेले ते बिअर, असा व्यवहार होता. पुढे हॉप दोहोंत आले आणि भेदाचा तो आधार नाहीसा झाला. आजच्या परिभाषेत एल म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या जातीच्या यीस्टने, बहुधा १५ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात, आंबविलेली बिअर होय. थंडीत सावकाश आंबणाऱ्या लागरचे यीस्ट निराळ्या जातीचे असते. म्हणजे 'एल' या शब्दाचा अर्थ आता धान्यात वा फुलांत उरलेला नसून यीस्टमध्ये जाऊन बसला आहे. असे असता घरी एल करणारा मनुष्य माल्ट आणि हॉप यांच्या निवडीत आठवडे घालवतो आणि यीस्टची पुडी मात्र ऐनवेळी हाती येईल ती फोडतो, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

या उपेक्षेला इतिहास आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ साली उठली. अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने १९७९ पासून अशी मोकळीक दिली. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून मद्य तयार करणे निषिद्ध आहे, पुढील विवेचन जेथे हा उद्योग कायदेशीर आहे तेथपुरतेच समजावे.) त्या आरंभीच्या काळात माल्टच्या अर्काच्या डब्याबरोबर यीस्टची एक लहानशी पुडी येई. तिच्यावर प्रकाराचे नाव क्वचितच असे आणि ती किती जुनी आहे याचा पत्ता नसे. त्यामुळे कोरडे यीस्ट म्हणजे हलके यीस्ट असा जो ग्रह झाला, तो पुड्यांची स्थिती पालटल्यावरही बराच काळ टिकून राहिला.

येथे परिभाषेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. इंग्रजी 'यीस्ट' आणि संस्कृत 'यस्' हा धातू यांचे मूळ एकच मानले जाते; उकळणे, फसफसणे हा त्याचा अर्थ. मराठीत 'किण्व' हा शब्द सुचविला जातो खरा. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्वासाठी उडीद व तांदूळ सांगितले आहेत. म्हणजे तेथे तो शब्द सूक्ष्म जीवाचा नव्हे, तर सिद्ध केलेल्या मिश्रणाचा वाचक आहे. जीवासाठी 'यीस्ट' हाच रूढ शब्द ठेवणे इष्ट. उलट, थंड केलेल्या वर्टमध्ये, अर्थात मोड आणून वाळविलेल्या सातूच्या गोड काढ्यात, यीस्ट सोडण्याच्या क्रियेला 'विरजण लावणे' याहून नेमका शब्द सापडणे कठीण. जिवंत अंश थोडाच घ्यायचा, तो किती घ्यायचा हे ठरलेले, आणि द्रव फार गरम वा फार गार नसावा, हे सर्व त्या शब्दात आधीच आहे.

निवडीचा पहिला प्रश्न यीस्ट कोणत्या शर्करा खाते हा होय. वर्टमध्ये माल्टोज प्रमुख असते. त्याखेरीज तीन घटकांची माल्टोट्रायोज ही शर्कराही असते. नॉटिंगहॅम या नावाने विकले जाणारे कोरडे यीस्ट ही दुसरी शर्कराही संपविते. त्याची एल कोरडी लागते, आणि यीस्ट लवकर तळाशी बसल्याने ती निवळही होते. विंडसर हे त्याच उत्पादकाचे यीस्ट माल्टोट्रायोजला हात लावीत नाही. त्यामुळे आंबण्याची क्रिया दोनतीन दिवसांत थांबते, विशिष्ट गुरुत्व अपेक्षेहून वर राहते आणि एल भरीव व किंचित गोड होते. नवखा मनुष्य याला अपयश समजून दुसरे यीस्ट घालतो. आणि जे यीस्टच्या स्वभावात आहे ते दोष म्हणून दुरुस्त करू जातो. यू. एस.-०५ हे अमेरिकी वळणाचे यीस्ट स्वतःचा स्वाद फारसा पुढे करीत नाही; हॉपला वाव द्यायचा असेल तेथे ते योग्य. एस-०४ हे इंग्रजी वळणाचे असून त्यात फळांचा गंध अधिक असतो व ते तळाशी घट्ट बसते.

बेल सेझाँ या यीस्टविषयी मात्र सावधगिरी हवी. ते डायास्टॅटिकस या उपप्रकाराचे असून इतर यीस्टना न पेलणाऱ्या लांब साखळ्यांच्या शर्कराही फोडून खाते. आंबणे पुरे होण्याआधी अशी एल बाटलीत भरली, अथवा भांड्यात उरलेला त्याचा अंश दुसऱ्या एलमध्ये गेला, तर बंद बाटलीत वायू साठत राहतो आणि काच फुटते. येथे प्रश्न केवळ चवीचा राहत नाही.

प्रमाणाचा नियम सोपा आहे. उत्पादक साधारणतः दर लिटरला ०.५ ते ०.८ ग्रॅम यीस्ट सांगतात; म्हणजे २० लिटरला १० ते १६ ग्रॅम. पुडी ११ किंवा ११.५ ग्रॅमची असते. विशिष्ट गुरुत्व १.०५० च्या आसपास असेल तर एक ताजी पुडी पुरते, १.०७० असेल तर दोन घ्याव्यात. यीस्ट कमी पडले की पेशींना अनेक पिढ्या वाढावे लागते, आंबणे सुरू होण्यास विलंब लागतो, आणि त्या अवधीत उपद्रवी जिवाणूंना संधी मिळते.

पुडी कोरडीच वर्टवर शिंपडावी की आधी पाण्यात भिजवावी, या वादात दोन्ही बाजूंना आधार आहे. वाळलेल्या पेशीचे पटल आक्रसलेले असते. पाणी आत शिरते त्या आरंभीच्या क्षणांत आत काय घ्यावे व बाहेर काय जाऊ द्यावे याचे नियंत्रण पेशीपाशी नसते. पाणी गार असेल तर आतील द्रव्ये अधिकच पाझरतात, आणि गाढ शर्करेत हा ताण वाढतो. म्हणून जुनी पुस्तके भिजविण्याचा आग्रह धरीत. वाळविण्याच्या पद्धती सुधारल्यानंतर उत्पादकांनीच थेट शिंपडण्यास संमती दिली आहे. सौम्य वर्ट आणि ताजी पुडी असता ती मानण्यास हरकत नाही. तथापि गाढ वर्टसाठी वा जुन्या पुडीसाठी भिजविणेच श्रेयस्कर.

त्यासाठी यीस्टच्या दहापट वजनाचे, उकळून निवविलेले ३० ते ३५ अंशांचे पाणी घ्यावे. ते ऊर्ध्वपातित नसावे, कारण त्यात क्षार नसतात. यीस्ट वर पसरून १५ मिनिटे न हलविता ठेवावे, मग ढवळून आणखी ५ मिनिटे थांबावे. यानंतर थोडेथोडे वर्ट मिसळीत ते मिश्रण हळूहळू गार करावे. एकदम १० अंशांहून अधिक उतार पेशींना सोसत नाही. ३३ अंशांचे मिश्रण १८ अंशांच्या वर्टमध्ये सरळ ओतणारा मनुष्य भिजविण्याने मिळालेला लाभ त्याच क्षणी गमावतो. द्रवरूप यीस्ट वापरणारे आधी थोड्या वर्टमध्ये त्याची वाढ करून घेतात. कोरड्या यीस्टला ते करू नये. कारखान्यात भरपूर प्राणवायूवर वाढविलेल्या त्या पेशी पटलासाठी लागणाऱ्या मेदाचा साठा घेऊनच पुडीत आलेल्या असतात आणि तो साठा अशा वाढीत आधीच खर्च होतो. याच कारणास्तव पहिल्या खेपेस वर्टमध्ये हवा खेळविण्याचीही निकड नसते. तळाशी बसलेले तेच यीस्ट दुसऱ्या खेपेस वापरायचे असेल तर मात्र हवा द्यावीच लागते.