पंचगंगा चढते, सोनं उतरतं

२३ जुलै २०२४, मंगळवार. कोल्हापुरात पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गुजरीतल्या अण्णांच्या दुकानाच्या पायरीवर छत्र्या उलट्या टेकवलेल्या आहेत आणि त्यांचं पाणी ओघळून गटारीला लागतंय. आषाढी एकादशी होऊन गेली, चातुर्मास लागला; लग्नं नाहीत, त्यामुळं गिऱ्हाईकही नाही. आईच्या ठुशीचा दोरा झिजला होता, ती पटवेकऱ्याकडून ओवून आली का हे बघायला मी आलोय आणि चहासाठी थांबलोय.

अण्णांच्या पुढ्यात दोन मोबाइल आहेत. एकावर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी येते, दुसऱ्यावर सोन्याचा वायदा. पंचगंगा पात्राबाहेर पडलीय. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी फूट-इंचात वर सरकतंय, सोनं मात्र सकाळपासून जागचं हललेलं नाही. कोपऱ्यातल्या टीव्हीवर निर्मला सीतारामन बोलताहेत. त्यांचा हा सलग सातवा अर्थसंकल्प. दुकानातला पोरगा आवाज कमी-जास्त करत बसलाय.

बारा वाजून गेलेत. भाषण सीमाशुल्कावर येतं. मोबाइलचे सुटे भाग, औषधं, मासळीचं खाद्य… आणि मग सोनं-चांदी. आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के.

"अण्णा, सोनं स्वस्त झालं की!" पोरगा जवळजवळ ओरडतो.

"कुणाला?" अण्णा विचारतात आणि कॅल्क्युलेटर जवळ ओढतात.

मोबाइलवरचा आकडा आता लाल झालाय आणि खाली घसरतोय. काल तोळा बहात्तर-त्र्याहत्तर हजारांच्या घरात होता. अर्ध्या-पाऊण तासात त्यातले तीन-साडेतीन हजार गेलेत. अण्णा तिजोरीकडं मान वळवतात. आत किती माल आहे हे ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. सराफाला तेवढं विचारायचं नसतं. मनातल्या मनात मात्र हिशोब होतोच: अर्धा किलो धरला तर पन्नास तोळे, तोळ्याला साडेतीन हजार, म्हणजे पावणेदोन लाख. चोरी नाही, आग नाही, पुराचं पाणीही अजून गुजरीत आलेलं नाही. टीव्हीवरच्या एका वाक्यानं पावणेदोन लाख गेले. हा माल पंधरा टक्के शुल्क भरून देशात आलेल्या सोन्याचा आहे आणि ते शुल्क कुणी परत करणार नाही.

"मोठ्या शोरूमवाल्यांचं बरं असतंय," अण्णा म्हणतात. "इकडं माल घेतला की तिकडं वायद्यात विकून ठेवत्यात. आम्ही काय, देवाला हात जोडायचे."

तरी ते निर्णयाला नावं ठेवत नाहीत. शुल्क वाढलं की चोरटं सोनं वाढतं आणि पावती फाडून धंदा करणारा मार खातो, हे त्यांनी बघितलंय. "२०१३ च्या सुरवातीला सहाच होतं. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत दहा केलं, मग साडेबारा, बावीस साली पंधरा. आता फिरून सहा." २०१६ च्या अर्थसंकल्पात दागिन्यांवर एक टक्का उत्पादन शुल्क आलं, तेव्हा देशभरातल्या सराफांनी ४२ दिवस बंद पाळला. शुल्क राहिलंच. "बंदात माझा फायदा एवढाच, की घरी रोज वेळेवर जेवलो."

फोन वाजतो. काल ठरल्या भावानं साज नोंदवलेल्या बाई आहेत. आजच्या भावानं बिल करा म्हणतात. अण्णा आवाज चढवत नाहीत, पण हलतही नाहीत. शेवटी मजुरीत थोडं सोडतात. भाव चढल्यावर "कालचे जास्तीचे घ्या" असा फोन कुणी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

दोनच्या सुमारास एक जोडपं पायरी चढतं. त्यांचं धोतर आणि तिचं लुगडं, दोन्ही गुडघ्यापर्यंत भिजलेलं. रस्त्यावर पाणी आलं म्हणून एसटीनं वळसा घातला, सकाळी निघालेली माणसं आत्ता पोचताहेत. मावशी कनवटीची पुरचुंडी सोडतात. बोरमाळ. मोडायची आहे, पोराची इंजिनिअरिंगची फी भरायचीय.

अण्णा माळ काट्यावर ठेवतात. दोन तोळ्यांना थोडी कमी. टंच, घट, सगळं धरून ते एक आकडा कागदावर लिहितात आणि कागद फिरवून पुढं करतात.

"काल फोनवर जास्त सांगितलासा की ओ," काका म्हणतात.

"काल भाव जास्त हुता, काका. दुपारी दिल्लीत बजेट झालं."

काका टीव्हीकडं बघतात. टीव्हीवर आता कुणाचा आयकर किती वाचणार याचे तक्ते फिरताहेत. कमी झालेल्या नऊ टक्क्यांतले चार टक्के शेतीच्या पायाभूत सोयींसाठीच्या उपकराचे आहेत. तो पाचाचा एक झाला. हे काकांना सांगावं असं तोंडावर येतं, मी चहाचा घोट घेतो.

"थांबावं का दोन दिवस?" मावशी विचारतात.

"मावशी, थांबा म्हणत नाही, मोडा म्हणत नाही. उद्या अजून पडंल, नाहीतर चढंल."

दोघं पायरीवर जाऊन हळू आवाजात बोलतात. मग मावशीच परत येतात आणि माळ उचलतात. बँकेत तारण ठेवायची. बँक किमतीच्या पाऊणपटीपर्यंतच कर्ज देते आणि किंमत म्हणजे आजची किंमत. पण मावशींचा हिशोब वेगळा आहे: "डाग आपला तर ऱ्हाईल." ज्या धंद्यावर अण्णा आज थोडंफार भरून काढणार होते, तोही पायरी उतरून जातो.

चारनंतर गल्लीत माणसं वाढतात. विकत कुणी घेत नाही, सगळे भाव विचारतात. अजून पडेल, ही आशा गिऱ्हाइकाला बाहेर थांबवते. वरच्या माडीवरचा बंगाली कारागीर खाली येऊन नवं काम आहे का विचारतो. सकाळपासून त्याच्याकडं एकच अंगठी आहे, लहान करायची. "श्रावण निघू दे," अण्णा म्हणतात.

माझी ठुशी येते. दोऱ्याचे आणि ओवणावळीचे पैसे मी देतो. त्यांत काल-आजचा काही फरक नाही.

साडेआठला पोरगा शटर अर्धं ओढतो. फळ्यावरचा भाव दिवसात चौथ्यांदा पुसून लिहिलेला आहे. अण्णांना व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर अधिसूचनेचा कागद येतो, ते चष्मा वर करून तारीख वाचतात. नवं शुल्क उद्यापासून, २४ जुलैपासून लागू होणार आहे.